खैरिल अन्वरनं नक्की केलं काय?

इंडोनेशियात शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा, एक ओळ पाठ असतेच. 'आकु माउ हिदुप सेरिबु ताहुन लागी', मला अजून हजार वर्षं जगायचंय. टी-शर्टवर आहे, भिंतींवर रंगवलेली आहे, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुठी वळून म्हणतात. आणि ही ओळ लिहिणारा खैरिल अन्वर सत्तावीस पूर्ण व्हायच्या आधीच गेला. (इंग्रजी स्पेलिंग सी-एचनं सुरू होतं म्हणून आपल्याकडे कुणी चैरिल वाचतं, पण ते जुनं डच वळणाचं स्पेलिंग आहे, उच्चार खैरिलच.) लिहायला मिळाली जेमतेम साडेसहा वर्षं, स्वतःच्या म्हणाव्यात अशा कविता सत्तरेक, जिवंत असताना स्वतःचा एक संग्रहसुद्धा बाहेर आला नाही. तरी तिकडे कवितेचे दिवस दोन साजरे होतात, एक २८ एप्रिलला आणि एक २६ जुलैला, पहिला त्याच्या मृत्यूचा, दुसरा जन्माचा. म्हणजे दोन्ही त्याचेच.

आता एवढं असं केलं काय या पोरानं? नेहमीचं उत्तर असं की तो क्रांतीचा कवी, स्वातंत्र्याचा आवाज, डच आणि जपानी दोघांना न घाबरणारा वगैरे. हे खोटं नाही, पण मला विचाराल तर हे उत्तर शाळेच्या पुस्तकासाठी बनवलेलं आहे. त्याच्या बहुतेक कविता प्रेम, मरण, देव, एकटेपणा आणि स्वतःचा वैताग यांच्यावर आहेत, देशावर मोजून थोड्या. त्याचं खरं काम भाषेत झालं. एक भाषा नुकतीच 'राष्ट्रभाषा' म्हणून ठरवली गेली होती, सभेत आणि ऑफिसात वापरायला घडवली जात होती, त्या भाषेत एका माणसाला स्वतःच्या आतलं, रागातलं, अर्धवट, उद्धट काहीही बोलता येतं हे त्यानं दाखवून दिलं. बाकी सगळं त्यानंतरचं.

हे कळायला आधीची परिस्थिती थोडी बघावी लागते. तेव्हाचा इंडोनेशिया म्हणजे डच ईस्ट इंडीज, हजारो बेटं, शेकडो भाषा. सगळ्यात जास्त लोक जावानीज बोलणारे, पण त्या भाषेत समोरचा मोठा की लहान यावरून अख्खी शब्दसंपत्तीच बदलते, आणि शिवाय मोठ्या गटाची भाषा सगळ्यांवर लादली असं झालं असतं. म्हणून २८ ऑक्टोबर १९२८ ला बटाविया म्हणजे आजच्या जकार्तात जमलेल्या तरुणांनी शपथ घेतली, एक देश, एक राष्ट्र, एक भाषा, आणि भाषा निवडली मलय. बंदरांची, व्यापाऱ्यांची, बाजाराची भाषा, जी मातृभाषा म्हणून अगदी थोड्या लोकांची होती पण समजायची बऱ्याच जणांना. तिचं नवं नाव इंडोनेशियन.

शपथ घेऊन भाषा तयार होत नाही, हे आलंच. साहित्य म्हणजे तेव्हा एकीकडे पांतुन आणि शाइर हे जुने मलय प्रकार. पांतुन चार ओळींचा, पहिल्या दोन ओळींत काहीतरी चित्र, नदी, पक्षी, झाड, आणि पुढच्या दोन ओळींत खरं म्हणणं, पहिली ओळ तिसरीशी आणि दुसरी चौथीशी यमकात. गोड प्रकार आहे, लग्नात, भांडणात, प्रेमात सगळीकडे चालतो. दुसरीकडे सरकारी प्रकाशन संस्था बालाई पुस्ताका, तिथे भाषा नीट, सभ्य, डच साहेबाला चालेल अशी. १९३३ मध्ये सुतान ताकदिर आलिशाहबाना, आर्मेन पाने आणि आमिर हम्झा या तिघांनी 'पुजांग्गा बारु' नावाचं मासिक काढलं, त्यांनी कविता बरीच नवी केली, सॉनेट वगैरे आणलं, पण सूर अजून हळवा, भारदस्त, शब्द निवडून घासूनपुसून ठेवलेले. यातला आमिर हम्झा फार मोठा कवी, खैरिलसुद्धा त्याला मानायचा, बाकीच्यांबद्दल मात्र त्याचं तोंड चांगलंच तिखट होतं. सुमात्रातल्या राजघराण्यातला हा आमिर हम्झा मार्च १९४६ च्या दंगलीत मारला गेला, नव्या प्रजासत्ताकाच्या बाजूचा असूनही, केवळ राजघराण्यातला म्हणून. त्या काळाची कल्पना यावी म्हणून सांगितलं.

खैरिलचा जन्म २६ जुलै १९२२, सुमात्रात मेदानला. आईवडील दोघंही पश्चिम सुमात्राकडचे मिनांगकाबाऊ, वडील सरकारी नोकरीत. डच माध्यमाच्या शाळेत शिकला, पुढची शाळा मधेच सोडली, पण तोपर्यंत डच पक्की झाली होती, इंग्रजी आणि जर्मन वाचता यायचं. रिल्के, मार्समान, स्लाउअरहॉफ, एलियट, ऑडन असं सगळं तो मिळेल तिथून वाचायचा. मिळेल तिथून म्हणजे अक्षरशः, पुस्तकाच्या दुकानातून ढापायचा सुद्धा. असरुल सानी या त्याच्या कवी मित्राची एक गोष्ट तिकडे फेमस आहे, दोघं दुकानात गेले, नीत्शेचं 'झरथुष्ट्र' दिसलं, असरुलनं दुकानदारावर लक्ष ठेवायचं आणि खैरिलनं उचलायचं असं ठरलं, बाहेर येऊन बघतात तर हातात बायबल! जाड काळं कव्हर सारखंच होतं म्हणे. गोष्टीला तिखटमीठ किती लागलंय देव जाणे, पण माणूस कसा होता ते समजतं.

एकोणीस वर्षांचा असताना आईवडिलांचं फाटलं आणि तो आईबरोबर जकार्ताला आला. तिथे नात्यातले सुतान शाहरिर होते, तेच जे पुढे इंडोनेशियाचे पहिले पंतप्रधान झाले आणि ज्यांना १९४७ मध्ये डचांच्या नाकाबंदीतून आपल्या बिजू पटनायकांनी विमानानं बाहेर काढलं. म्हणजे खैरिल काही गल्लीतला अनाथ पोरगा नव्हता, चांगल्या घरातला, शिकलेल्या वर्तुळातला होता. भणंगपणा त्यानं स्वतः निवडला. नोकरी टिकायची नाही, घर धड नाही, मित्राचा शर्ट घालून निघून जायचा, उसने पैसे परत करायचे नसतात असा साधारण नियम. सिगरेट, जागरणं, बायकांच्या मागे फिरणं. ही सगळी मसालेदार माहिती लोक आवडीनं सांगतात, पण कविता लिहिताना हाच माणूस एकेका शब्दासाठी अडून बसायचा, खोडायचा, परत लिहायचा, आणि ते सांगायला तेवढी गर्दी होत नाही.

मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी जावा घेतलं. आणि इथे एक मजेशीर उलटापालट झाली. जपान्यांनी डच भाषेवर बंदी घातली. ऑफिस, शाळा, वर्तमानपत्र, रेडिओ, सगळीकडे आता डच नाही, आणि जपानी तर कुणालाच येत नाही, मग उरली इंडोनेशियन. चौदा वर्षं शपथेत असलेली भाषा एका झटक्यात रोजच्या कामाला लागली. जपान्यांना आपला प्रचार पोचवायचा होता, बाकी काही प्रेम नव्हतं. एकीकडे रोमुशा म्हणून लाखो लोकांना वेठबिगारीला नेत होते, उपासमार होती, आणि दुसरीकडे केइमिन बुंका शिदोशो नावाचं सांस्कृतिक केंद्र काढून लेखक-चित्रकारांना म्हणत होते की या, आशियाच्या एकजुटीची गाणी लिहा.

यात हा वीस वर्षांचा पोरगा येतो. ऑक्टोबर १९४२ ची 'निसान' ही त्याची पहिली म्हणावी अशी कविता, निसान म्हणजे थडग्याचा दगड, आजी गेली त्यावर. चारच ओळी. रडारड नाही, आजीनं मरण शांतपणे स्वीकारलं हेच त्याला लागलंय, तेवढंच. १९४३ मध्ये तो कविता घेऊन 'पांजी पुस्ताका' मासिकाच्या ऑफिसात गेला, तिथे एच. बी. यासिन नावाचे संपादक होते, त्याच्याहून पाचच वर्षांनी मोठे. कविता छापायला नकार मिळाला, फार 'मी मी' करणाऱ्या आहेत, आशियाच्या एकजुटीच्या स्पिरिटमध्ये बसत नाहीत. पण यासिन यांना कळलं होतं समोर काय आलंय ते. त्यांनी ते कागद जपले, आणि पुढे आयुष्यभर जपत राहिले, खैरिलच्या नावाचं निम्मं श्रेय या माणसाला द्यायला हवं असं मला वाटतं. पुढे त्यांनी जमवलेल्या हस्तलिखितांचं आणि कात्रणांचं जकार्तात त्यांच्याच नावानं ग्रंथालय झालं.

आता ती कविता, 'आकु' म्हणजे 'मी', मार्च १९४३. तेरा ओळी. माझी वेळ आली की कुणी गळे काढू नका, तूसुद्धा नको, ते हुंदके नकोत, इथून सुरू होते, मग येते सगळ्यात गाजलेली जोडी:

आकु इनि बिनातांग जालांग
दारि कुम्पुलान्या तेरबुआंग

मी रानटी जनावर आहे, कळपातून हाकललेलं. मोठ्यानं वाचून बघा, अर्थ नाही कळला तरी ते 'आंग आंग' कानावर आपटतं. पुढे गोळी कातडीतून आरपार जाऊ दे, मी भडकत धडकत राहणार, जखम आणि विष घेऊन पळत राहणार, वेदना संपेपर्यंत, आणि मला काही फरक पडणार नाही, मला हजार वर्षं जगायचंय. संपली. पांतुनसारखं आधी नदी-पक्षी मग मुद्दा असं काही नाही, पहिल्या ओळीपासून मुद्दाच. ओळी कुठे लांब, कुठे एकाच शब्दाची, 'बेरलारी', पळत. उपसर्ग-प्रत्यय जिथे तोडता आले तिथे तोडलेत, मधले जोडणारे शब्द काढून टाकलेत. सभ्य मलयमध्ये स्वतःला असं जनावर म्हणणं आणि वर 'मला पर्वा नाही' म्हणणं हा आगाऊपणाच. जुन्या कवितेत 'मी' असायचा तो साधारण दुःखी, नम्र, देवाच्या नाहीतर प्रेयसीच्या पायाशी बसलेला. हा उभा राहून बोलतो.

जपानी सेन्सॉरच्या काळात छापताना तिचं नाव 'सेमांगात' केलं होतं, म्हणजे जोश, स्पिरिट. नाव बदललं की कविता देशभक्तीची वाटायला लागते बघा, गोळी म्हणजे शत्रूची गोळी, मी म्हणजे राष्ट्र. यासिन यांनी पुढे सांगितलं की सेन्सॉर चुकवायला तसं केलं. पण गंमत अशी की सेन्सॉर गेला, जपानी गेले, डच गेले, आणि तो देशभक्तीचा अर्थ मात्र चिकटून राहिला. आज शाळेत पोरं मूठ उगारून 'आकु' म्हणतात ते स्वातंत्र्यसैनिकाच्या थाटात. कवितेत देशाचा शब्द नाही. कळपातून हाकललेलं जनावर हे राष्ट्राचं चिन्ह होऊच कसं शकतं, कळप म्हणजेच तर राष्ट्र! हा प्रश्न वर्गात सहसा कुणी विचारत नसावं.

तरी तो राजकारणापासून लांब होता असंही नाही. १७ ऑगस्ट १९४५ ला सुकार्नो आणि हाट्टा यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, डच परत यायला निघाले, आणि लढाई सुरू झाली. या लढाईचा आपल्याशी एक अवघड संबंध आहे. जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायला म्हणून ब्रिटिशांनी जे सैन्य पाठवलं ते बहुतांश हिंदी पलटणींचं होतं, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर १९४५ मध्ये सुराबायात जी भयानक लढाई झाली त्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन होत्या. म्हणजे आपल्या गावाकडची पोरं तिथे साहेबाच्या हुकमानं इंडोनेशियन पोरांवर गोळ्या झाडत होती आणि मरत पण होती, स्वतःचा देश अजून स्वतंत्र व्हायचा होता. आपल्याकडे याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

त्याच दिवसांतली पोस्टरची गोष्ट. सुकार्नोंना लोकांना उभं करणारं पोस्टर हवं होतं, अफांदी या चित्रकारानं काढलं, हातातल्या साखळ्या तोडणारा माणूस, दुल्लाह नावाचा दुसरा चित्रकार मॉडेल म्हणून उभा राहिला. चित्र झालं, आता शब्द काय घालायचे? खैरिल तिथे आला, त्यानं सहज सांगितलं, 'बुंग, आयो बुंग!' घाला. चल दादा, चल. जबरदस्त ना? पोस्टर देशभर गेलं. आणि हे शब्द त्यानं उचलले होते जकार्ताच्या वेश्यावस्तीतून, तिथल्या बायका गिऱ्हाइकाला अशीच हाक मारायच्या. क्रांतीची घोषणा रस्त्यावरनं आली. भाषा कुठून घ्यायची याबद्दल त्याला अजिबात सोवळं नव्हतं, याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

१९४६ मध्ये असरुल सानी, रिवाई आपिन आणि इतर चित्रकार-लेखक मित्रांबरोबर त्यानं 'गेलांगांग' नावाचा कलाकारांचा गट उभा केला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाप्साह नावाच्या मुलीशी लग्न केलं, एक मुलगी झाली, दोन वर्षांत घटस्फोट. या भागावर जास्त काही बोलत नाही, तो चांगला नवरा नव्हता एवढं सगळेच सांगतात.

आता वादाकडे, कारण त्याच्याबद्दल दोन ओळी वाचल्या की तिसऱ्या ओळीत हा येतोच: खैरिल चोर होता का? १९४८ ची 'करावांग-बेकासी' ही त्याची दुसरी सगळ्यात फेमस कविता. करावांग आणि बेकासी ही जकार्ताच्या पूर्वेची गावं, तिथे फार रक्त सांडलं, बेकासीत ब्रिटिशांनी घरं जाळली, करावांगजवळच्या रावागेदे गावात ९ डिसेंबर १९४७ ला डच सैनिकांनी गावातल्या पुरुषांना रांगेत उभं करून मारलं. इंडोनेशियन आकडा ४३१, डचांचा बराच कमी. (या प्रकरणी नेदरलँड्सच्या कोर्टानं सरकारला जबाबदार धरलं ते थेट २०११ मध्ये.) कवितेत मेलेले सैनिक बोलतात, आम्ही करावांग-बेकासीमध्ये पडलोय, आता ओरडू शकत नाही, शस्त्र उचलू शकत नाही, पण आम्ही तरुण होतो, आम्ही मेलो, आता आमच्या हाडांना किंमत द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

झकास कविता आहे. फक्त अमेरिकन कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांची दुसऱ्या महायुद्धातल्या तरुण मृत सैनिकांवरची कविता शेजारी ठेवली तर सांगाडा तोच, काही ओळी जवळजवळ तशाच, घड्याळाची टिकटिकसुद्धा तिथलीच. आणि हे एकदाच नाही झालं. बेल्जियमच्या विलेम एल्सखॉटची भिकाऱ्यावरची कविता, चिनी कवी शू झीमोची समुद्रावरची कविता, अशा अजूनही स्वतःच्या नावानं गेल्या. तो मेल्यावर बोंब झाली तेव्हा यासिन यांनी १९५६ च्या पुस्तकात बाजू मांडली, कुठल्या कविता मूळ, कुठल्या बेतलेल्या, कुठली भाषांतरं, सगळं वेगळं करून दाखवलं, आणि आजारपणात पैशाची नड होती हेही सांगितलं.

माझं मत विचाराल तर नाव न देता छापणं हे चूकच, पैशाची नड असो नाहीतर काही. पण 'करावांग-बेकासी' नुसती कॉपी नाही. मॅक्लीशच्या कवितेत सैनिक 'ते' आहेत, कवी सांगतो की ते असं म्हणतात. खैरिलनं मधला माणूस काढून टाकला, थेट 'आम्ही'. मॅक्लीशकडे जागा नाही, नावं नाहीत, कुठल्याही युद्धाला चालेल. खैरिलकडे दोन गावांची नावं आहेत आणि शेवटी सांभाळायला तीन माणसं आहेत, बुंग कार्नो, बुंग हाट्टा, बुंग शाहरिर. उसनं घेऊन त्यानं ते इतकं घट्ट त्या मातीत रोवलं की आज तिथल्या माणसाला मॅक्लीश माहीत नसतो. आणि त्या तीन नावांचं पुढे काय झालं बघा, सुकार्नो-हाट्टा यांचं फाटलं, आणि १९६२ मध्ये सुकार्नो यांच्याच राजवटीत शाहरिर तुरुंगात गेले, पुढे परदेशातच वारले. पोरं अजून तिन्ही नावं एका दमात म्हणतात.

पण कवी म्हणून तो कुठे सगळ्यात वर गेला ते या गाजलेल्या दोघांत दिसत नाही. त्यासाठी १९४६ ची 'सेंजा दि पेलाबुहान केचिल' वाचायची, छोट्या बंदरावरची संध्याकाळ. स्री आयाती नावाच्या मुलीला अर्पण केलेली, जिच्याशी त्याचं काही जुळलं नाही. सुरुवातच अशी की या वेळी कुणी प्रेम शोधत नाहीये, गोदामांमध्ये, जुन्या घरांमध्ये, डोलकाठ्या आणि दोरखंडांच्या गोष्टींमध्ये. मग होड्या, पाण्यात न उतरलेल्या. रिमझिम पाऊस अंधाराला घाई करतो. एका घारीचे पंख फडफडतात. तो एकटा चालतोय किनाऱ्यानं, आणि शेवटी चौथ्या किनाऱ्यावरून येणारा शेवटचा हुंदका कवटाळता येईल असं काहीतरी, नीट पकडीत न येणारं.

यात 'मी दुःखी आहे' असं कुठेही नाही. आदल्या पिढीतल्या कवीनं इथे हाय, अरे हृदया, असं दोनदा तरी म्हटलं असतं. याच्याकडे गोदाम, घर, काठी, दोर, होडी, पाऊस, एवढ्या वस्तू, विशेषणं जवळपास नाहीतच, आणि सगळं दुःख त्या वस्तूंमध्ये मुरवलेलं. 'आकु' मधला आरडाओरडा तीन वर्षांत इथवर आला. इंडोनेशियन भाषा बोलायला सोपी म्हणतात, क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही, माणूस बदलला तरी क्रियापद तेच, आणि खैरिलला हेच कामाला आलं, कमी शब्दांत वाक्य उभं राहतं आणि काळ लोंबकळत राहतो, आत्ता की तेव्हा ते कळत नाही. देवावरची 'दोआ' पण अशीच, तुझ्या दारावर मी टकटक करतोय, आता पाठ फिरवता येत नाही. रानटी जनावर म्हणवणाऱ्यानं हे त्याच वर्षी लिहिलंय, १९४३ मध्येच, नोव्हेंबरात.

मग १९४९. जानेवारीत सुमात्रातल्या रेंगातवर डच छत्रीधारी सैनिक उतरले, तिथल्या कत्तलीत त्याचे वडील मारले गेले, ते तेव्हा त्या भागाचे जिल्हाप्रमुख होते. हा इकडे आजारी. टायफस, क्षय, आणखी काय काय, वेगवेगळी कारणं सांगतात. २८ एप्रिलला जकार्ताच्या सरकारी दवाखान्यात गेला. कारेत नावाच्या दफनभूमीत पुरलं, आणि त्याच वर्षीच्या एका कवितेत त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं की कारेतमध्ये, माझ्या येणाऱ्या मुक्कामात, गार वारा पोचतोय. डचांनी इंडोनेशियाची सत्ता सोडली २७ डिसेंबर १९४९ ला. आठ महिने चुकले.

शेवटच्या कवितांमधली 'देराई-देराई चेमारा' मला त्याची सगळ्यात चांगली वाटते. सुरूच्या झाडांची सळसळ, दिवस रात्रीकडे कलतोय, खिडकीतल्या फांद्या ठिसूळ होतायत. आणि मग, आयुष्य म्हणजे फक्त हार पुढे ढकलणं. हजार वर्षं मागणारा तोच हा! त्याहून गंमत म्हणजे कवितेचा आकार, चार-चार ओळींची तीन कडवी, पहिलीचं यमक तिसरीशी, दुसरीचं चौथीशी. म्हणजे जो पांतुन त्यानं मोडला म्हणतात त्याच्याच यमकाच्या चौकटीत तो परत येऊन बसला, आता तिला आतून सैल करून. बंडखोर बंडखोर म्हणत बसलं की हे दिसतच नाही.

गेल्यावर त्याचं काय झालं ही वेगळीच कथा. त्याच वर्षी 'देरु चाम्पुर देबु' आणि 'करिकिल ताजाम' हे दोन संग्रह निघाले, दुसरा 'पुजांग्गा बारु'वाल्या ताकदिर यांच्या प्रकाशनानं काढला, ज्यांच्या पिढीला हा नावं ठेवायचा त्यांनीच. १९५० मध्ये त्याच्या मित्रांनी गेलांगांगचा जाहीरनामा छापला, आम्ही जगाच्या संस्कृतीचे हक्काचे वारस आहोत. त्याच वर्षी डाव्या विचारांची 'लेक्रा' ही संघटना सुरू झाली, त्यांचं म्हणणं की कला लोकांसाठी, हे 'मी मी' चालणार नाही. म्हणजे जपानी सेन्सॉरच्या वेळचा आक्षेप वेगळ्या रंगात परत आला. दोन्ही बाजूंत वर्षानुवर्षं जुंपली, 'जगाचे वारस' वाल्यांच्या बाजूनं १९६३ मध्ये दुसरा एक जाहीरनामा निघाला, त्यावर १९६४ मध्ये सुकार्नो यांनी बंदी घातली, यासिन यांची नोकरी गेली. मग १९६५ चा हाहाकार, डावे म्हणून लाखो लोक मारले गेले, लेक्रावर बंदी, प्रामुद्या अनंता तूरसारखा लेखक बुरू बेटावर कैदेत. सुकार्नोंनंतर आलेल्या लष्करशहा सुहार्तोच्या राजवटीतल्या शाळेत खैरिल एकदम सोयीचा, मेलेला, तरुण, देशभक्त. लष्करी सरकारनं कळपातून हाकललेल्या जनावराला रांगेत उभं केलं, असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या कवींचं मात्र त्याच्याशी जमलं ते वेगवेगळ्या बाजूंनी. रेंद्रानं गोष्ट सांगणारी, स्टेजवर बोलायची कविता केली, खैरिलच्या तुटक ओळींपासून मुद्दाम लांब. सुतार्जी काल्झुम बाख्री यांनी १९७३ मध्ये जाहीर केलं की शब्दांना अर्थाच्या ओझ्यातून सोडवायचं, म्हणजे मोडतोड अजून पुढे नेली. सापार्दी जोको दामोनो यांनी 'बंदर'वाला शांत खैरिल उचलला, साध्या वस्तू, हळू आवाज. आणि विजी थुकुल, मजुरांच्या वस्तीतला कवी, ज्याची 'एकच शब्द: लढा' ही ओळ मोर्चांमध्ये गेली आणि जो सुहार्तोच्या शेवटच्या दिवसांत गायब झाला तो आजवर सापडला नाही, त्याच्यात 'आकु'चा तो उभा राहून बोलणारा माणूस दिसतो, फक्त आता 'मी'च्या जागी वस्ती. २००२ च्या 'आदा आपा देंगान चिन्ता' या तुफान चाललेल्या टीनएज सिनेमात तर हीरोच्या हातात खैरिलच्या आयुष्यावरच्या पटकथेचं पुस्तक आहे, आणि मग कॉलेजच्या पोरापोरींनी ते शोधून शोधून वाचलं.

वाचायचा असेल तर बर्टन रॅफेल यांनी केलेली इंग्रजी भाषांतरं आहेत, मूळ रोमन लिपीत असल्यामुळे शेजारी ठेवून मोठ्यानं वाचता येतं, अर्धी मजा आवाजातच आहे. 'आकु'नं सुरुवात करू नका पण. आधी 'बंदर', मग 'दोआ', मग सुरूची झाडं, आणि 'आकु' सगळ्यात शेवटी, म्हणजे मूठ न वळता वाचता येईल.